शहर सोडून शेतीकडे : एका वादाचा ताळेबंद

‘लाखाच्या पगाराची नोकरी सोडली आणि शेतात सोने पिकवले’ या वळणाची बातमी मराठी वाचकाला नवी नाही. कुठल्या ना कुठल्या पुरवणीत ती येतच असते. फोटोत डोक्यावर टोपी, हातात ड्रॅगनफ्रूट नाहीतर मूठभर काळी माती. त्याच अंकात आतल्या पानावर कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याची चार ओळींची बातमी असते. एकाच राज्यातल्या शेतीबद्दलच्या या दोन बातम्यांची आपापसात कधी गाठ पडत नाही. शहर सोडून निसर्गाला धरून शेती करू पाहणाऱ्यांविषयीची आपली चर्चाही अशीच दोन टोकांना राहिली. एकीकडे निखळ कौतुक, दुसरीकडे ‘हौस आहे, दोन पावसाळे जाऊ द्या, येतील परत’ ही टिंगल.

मधल्या जागेत बरेच काही घडून गेले आहे. कायदे बदलले, काही पद्धतींच्या दीर्घ चाचण्या झाल्या, आणि वीस-पंचवीस वर्षे गावात टिकलेली माणसे आज बोलायला आहेत. या वादात खरे तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत : जमीन कोणाला मिळते, ती कोणत्या पद्धतीने करायची, आणि घर कशावर चालणार. माझे मत आधीच सांगून टाकतो. भांडण सगळ्यात जास्त होते ते पद्धतीवरून. निकाल मात्र जमीन आणि घरखर्च या दोन प्रश्नांवर लागतो.

मागची वाट

शहरी, शिकलेल्या माणसाने हातात कुदळ घेण्याला महाराष्ट्रात किमान पाऊण शतकाचा इतिहास आहे. त्यातली तीन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत अशी आहेत.

पहिले पवनारचे. १९५० च्या सुरुवातीला विनोबांनी पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. पैशाच्या आधाराशिवाय राहायचे, पिकेल त्यावर भागवायचे आणि शेतीही बैलाविना, कुदळ-फावड्याने करायची. या शेतीला त्यांनी ऋषिशेती म्हटले. बाजाराची गरजच उरू नये, हा त्यामागचा मूळ विचार. पुढच्या वर्षी भूदान सुरू झाले आणि विनोबा पायी निघाले, पण बाजाराबाहेर राहून जगता येते का, हा प्रश्न त्यांनी मागे ठेवला.

दुसरे आंबेठाणचे. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते परतले आणि १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. नीट हिशेब ठेवून, अक्कलहुशारीने केली तर शेती परवडते का, हे त्यांना स्वतःच्या वावरात पाहायचे होते. परवडत नाही, असे उत्तर आले. दोष शेतकऱ्याच्या आळसात किंवा अडाणीपणात नाही, शेतमालाचे भाव पाडणाऱ्या धोरणात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चाकणचे कांदा आंदोलन आणि शेतकरी संघटना त्यातून उभी राहिली. मराठी मुलखातल्या सर्वांत गाजलेल्या ‘नोकरी सोडून शेती’चा शेवट असा तोट्याच्या हिशेबाने झाला. यशकथा लिहिणाऱ्यांना ही गोष्ट सहसा आठवत नाही.

तिसरे कुडावळ्याचे. अभियांत्रिकीतली नोकरी सोडलेले दिलीप कुलकर्णी नव्वदच्या दशकात दापोली तालुक्यातल्या या गावी राहायला गेले. ‘निसर्गायण’सारखी पुस्तके आणि ‘गतिमान संतुलन’ हे मासिक यांतून त्यांनी मांडलेला विचार शेतीच्या उत्पन्नापेक्षा माणसाच्या गरजांकडे अधिक पाहतो. मिळकत वाढवण्याआधी खर्च तपासा, ऊर्जा किती लागते ते मोजा, असा त्याचा रोख आहे.

तिघेही शहराकडे पाठ फिरवून निघाले. एकाला बाजार नको होता, दुसऱ्याला बाजार मोकळा हवा होता, तिसऱ्याने बाजारातली आपली मागणीच कमी केली. आज नव्याने जाणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकाच दमात बोलतो. बराचसा गोंधळ तिथेच सुरू होतो.

पद्धतीची प्रेरणा बहुतेकांना बाहेरून मिळाली. जपानचे मासानोबू फुकुओका हे योकोहामाच्या सीमाशुल्क विभागात वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. ती नोकरी सोडून ते शिकोकू बेटावरच्या वडिलांच्या शेतीवर परतले. १९७५ साली आलेले त्यांचे पुस्तक ‘एका काडातून क्रांती’ या नावाने मराठीतही वाचले गेले. आपल्याकडे ‘काहीच न करण्याची शेती’ एवढेच त्यातून उचलले जाते. वडिलांच्या संत्रावर्गीय बागेत छाटणी एकदम थांबवल्यामुळे कितीतरी झाडे गमावली, हे फुकुओकांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवले आहे. घराजवळ, महाराष्ट्राच्या सीमेलगत उंबरगावला भास्कर सावे यांची कल्पवृक्ष वाडी होती. कोल्हापूरला गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांचा प्रयोग परिवार होता. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतील, हा दाभोळकरांचा दावा आजही नव्या मंडळींच्या बैठकीत हमखास निघतो. त्यामागची अट मात्र मागे पडते. पानापानाचा, मुळामुळाचा आणि पडणाऱ्या उन्हाचा हिशेब रोज ठेवणारा माणूस त्या दहा गुंठ्यांत उभा असायला हवा.

पुढे दोन लाटा आल्या. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि कोकणातल्या कातळावर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. मुंबईच्या चाकरमान्याची गावाकडची पडीक जमीन त्यातून पुन्हा लागवडीखाली आली. दोन हजार सालानंतरची लाट माहिती-तंत्रज्ञानातल्यांची. आयबीएममधून बाहेर पडून डहाणूजवळच्या पेठ गावात साडेचार एकरांवर शेती करणारे वेंकट अय्यर यांचे ‘मूंग ओव्हर मायक्रोचिप्स’ हे २०१८ चे पुस्तक या लाटेची प्रामाणिक नोंद म्हणून वाचावे. त्यात फसलेली पिकेही आहेत. २०२० च्या टाळेबंदीने घरून काम करण्याची सोय रूढ केली आणि या विचाराला आणखी माणसे मिळाली.

जमीन

नव्या माणसाची पहिली गाठ मातीशी पडत नाही, तलाठी कार्यालयाशी पडते. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. जमीन सावकार-व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. आजोबांच्या सातबाऱ्यावर ज्याचे नाव वारसाने लागले आहे, तो पुण्यात सदनिकेत वाढला असला तरी कायद्याच्या लेखी अडत नाही. कायदा शेतमजुरालाही मुभा देतो. पण त्याच शेतमजुराचा मुलगा शिकून ठाण्यात कारकून झाला आणि चाळिशीत त्याला जमिनीकडे परत यावेसे वाटले, तर तो बिगरशेतकरी ठरतो. ‘शेतीकडे परत’ जाण्याची वाट कोणत्या घरांना मोकळी आहे, हे बरेचसे आजोबांच्या जातीवर आणि जमिनीवर ठरते. शहरी चर्चेत हा मुद्दा फारच क्वचित निघतो.

कायदा सैल करावा का, यावर दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. बंधन काढले तर भांडवल आणि शिकलेली माणसे शेतीत येतील, जमीन विकू पाहणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळेल, असे एक म्हणतात. शेतकऱ्याला आपली मालमत्ता हव्या त्याला विकू द्या, ही शेतकरी संघटनेच्या विचारातली जुनी मागणीही याच बाजूची. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की मुळशी, मावळ, कर्जत, अलिबागकडे बंधन असतानाही काय झाले ते पाहा. शेती-उत्पन्नावर आयकर नाही, जमिनीचा भाव चढता आहे, तेव्हा येणारा पैसा पिकासाठी येत नाही. शेजारच्या राज्यांनी उलटसुलट दिशा धरल्या. कर्नाटकाने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्यांवरची बंदी उठवली. गोव्याने २०२३ मध्ये भातजमीन बिगरशेतकऱ्यांना हस्तांतरित करण्यावर कायद्यानेच निर्बंध आणले. दोन्हींचे परिणाम मोजायला अजून पुरेसा काळ गेलेला नाही.

विकत घेण्याऐवजी कसायला घ्यावी, तर तिथेही पंचाईत आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारी कुळे मालक झाली आणि ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व अमलात आले. न्यायाच्या दृष्टीने ते मोठेच पाऊल होते. त्याची एक सावली मात्र अजून पडते : कूळ लागेल या धास्तीने मालक लेखी करार करत नाही. खंडाने, बटईने, अर्धेलीने जमिनी दिल्या-घेतल्या जातात त्या तोंडी, आणि बहुधा एका हंगामापुरत्या. सेंद्रिय कर्ब वाढायला पाच-सात वर्षे लागतात. एका हंगामाच्या भरवशावर बांधावर झाड कोण लावणार? नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा दिला, पण महाराष्ट्रात तोंडी व्यवहाराचीच चाल आहे.

मित्रामित्रांनी मिळून पाच-सात एकर घ्यायची टूम अलीकडे वाढली आहे. तिला तुकडेबंदी कायद्याची मर्यादा आड येते. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान तुकडा स्वतंत्रपणे खरेदी करता येत नाही, मग सामायिक सातबारा होतो आणि भांडण झाले की तोच फास बनतो. यासाठी एक सूचना, आढाव्यात बसो वा न बसो : सातबारा वाचताना पिकांच्या नोंदीआधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा. बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, भोगवटादार वर्ग-२ ची अट, आदिवासी जमिनीवरील हस्तांतरणाची बंदी यांचा माग तिथे लागतो. आणि वहिवाटीची वाट कुठून आहे ते विक्रेत्याला विचारू नये, बांधाच्या शेतकऱ्याला विचारावे.

पद्धत

टिकाऊ शेती म्हणजे काय, यावर एकमत नाही. निदान चार पंथ आहेत आणि त्यांचे आपसातले वाद रासायनिक शेतीशी असलेल्या वादाहून कडवे आहेत.

प्रमाणित सेंद्रिय शेतीत रासायनिक निविष्ठा बंद, नोंदी काटेकोर. हंगामी पिकांना साधारण दोन आणि फळझाडांना तीन वर्षांचा रूपांतरकाळ काढावा लागतो. या काळात उत्पादन घटलेले असते आणि मालावर ‘सेंद्रिय’चा शिक्काही बसत नाही. सुभाष पाळेकरांच्या ‘शून्य खर्चाच्या’ नैसर्गिक शेतीत शेणखत-गांडूळखताचे ढीगही नकोत. बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा या चार गोष्टींवर भर. ऑस्ट्रेलियात १९७८ मध्ये बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी मांडलेले पर्माकल्चर शेताची आखणी, पाण्याची वाट आणि बहुवार्षिक झाडे यांचा विचार आधी करते. शहरातून येणाऱ्यांना ते विशेष भावते. आराखडा काढायची सवय त्यांना असतेच. चौथा पंथ नांगरणीमुक्तीचा. नेरळच्या सगुणा बागेत, अमेरिकेत शिकून परतलेल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सगुणा तंत्र विकसित केले. त्यात कायमचे गादीवाफे असतात. नांगरणी, चिखलणी, लावणी काहीच नसते आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात. गांडुळे परत येतात, कोकणातला मजुरीचा मोठा खर्च वाचतो. पण तण आवरायला तणनाशक वापरले जाते, आणि तिथेच सेंद्रियवाले हात झटकतात. नांगर मातीला जास्त इजा करतो की तणनाशक, हा प्रश्न प्रामाणिकपणे खुला आहे. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनीही विनानांगरणीच्या बाजूने वर्षानुवर्षे लिहिले आहे. त्याला ‘हे सेंद्रिय नव्हे’ एवढे उत्तर पुरेसे नाही.

यातल्या एका कामाकडे जवळून पाहू. जीवामृताची कृती सोपी दिसते. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढेच बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचे. एवढे एका एकराला, एका वेळेला. पाच एकरांना पाच पिंप, म्हणजे एक हजार लिटर. ते गाळायचे कसे, ठिबकच्या नळीत अडकले तर काय, चढावरच्या तुकड्यात कोण नेणार? शिवाय गोमूत्र धरायला पहाटे गोठ्यात उभे राहावे लागते. मुख्य म्हणजे गाय दारात आली की घराला कुलूप लागत नाही. मावशीच्या मुलीचे लग्न असो की कोणाचा दवाखाना, घरातले एक माणूस मागे राहतेच. ‘शून्य खर्च’ म्हणताना हे राहणे कुठल्या रकान्यात लिहायचे, यावर पंथवाल्यांनी फारसा विचार केलेला नाही.

उत्पादनाबद्दल ठोस काय म्हणता येते? जगभरच्या तुलनांचा २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला आढावा सेंद्रिय पिकांची तूट पीक आणि परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्के सांगतो. आपल्याला जास्त जवळची चाचणी खानदेशला लागून असलेल्या निमाडात, मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात २००७ पासून चालू आहे. जमीन तीच काळी, पिके कापूस-सोयाबीन-गहू. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस आणि गहू २७ ते २९ टक्के कमी आले आणि फायद्यात प्रचलित रासायनिक पद्धत पुढे राहिली. पुढच्या दोन वर्षांत कापूस-गव्हाचे उत्पादन जवळपास सारखे झाले, त्याला रासायनिक शेतातली घटही कारण होती. आणि खर्च कमी असल्याने फायद्यात सेंद्रिय पद्धत २५ टक्क्यांनी पुढे गेली. हे आकडे दोन्ही बाजू अर्धे अर्धे वाचतात. पूर्ण वाचले तर एवढेच दिसते की सुरुवातीची दोन-तीन वर्षे तग धरायला गाठीला पैसा हवा.

सरकारी पाठबळही डळमळत आलेले आहे. २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शून्य खर्चाच्या शेतीचा गौरव झाला, त्याच वर्षी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीशी संबंधित शास्त्रज्ञांनी ती सिद्ध न झालेली पद्धत असल्याचे सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटी रुपयांचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर झाले. उलट टोकाचे उदाहरण श्रीलंकेचे : २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली गेली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. एका देशावर घिसाडघाईने लादलेल्या बंदीवरून पाच एकरांवरच्या प्रयोगाला बाद ठरवणे योग्य नाही. पण पाच एकरांवर जमले म्हणून देशाला जमेल, हा दावाही त्याच मापाने तपासायला हवा.

घर कशावर चालते

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार २०१८-१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकांचा वाटा ३,७९८ आणि मजुरी-पगाराचा ४,०६३. मुळात ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याचेही घर निव्वळ शेतीवर चालत नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी धारण ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ ला १.३४ हेक्टरवर आले. शहरातून येणारा बहुधा याच आकाराच्या तुकड्यावर उभा राहतो.

थेट विक्रीने चित्र पालटते, असे नव्या शेतकऱ्यांचे म्हणणे आहे आणि ते अर्धे खरे आहे. मावळातल्या एका एकर भाताचा कच्चा हिशेब मांडू. समजा दहा क्विंटल भात आले. २०२५-२६ च्या हमीभावाने, क्विंटलला २,३६९ रुपयांनी, २३,६९० रुपये झाले. तेच गिरणीवर नेऊन सहा-सव्वासहा क्विंटल तांदूळ केला आणि ओळखीच्या घरांना ८० रुपये किलोने दिला, तर पन्नास हजारांच्या आसपास रुपये येतात. रक्कम दुप्पट झाली खरी. पण त्यात भरडाई, वाहतूक, पिशव्या, औषध न मारता साठवलेल्या तांदळाला लागणारे पोरकिडे, आणि ‘मागच्या वेळचा मऊ होता, हा फडफडीत आहे’ असे फोन हे सगळे आले. लावणी-कापणीची मजुरी वेगळीच. आणि हे पीक वर्षातून एकदा. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मुक्त केल्यावर आठवडी शेतकरी बाजार वाढले, सहभाग हमी पद्धतीने प्रमाणपत्रही स्वस्त झाले. तरी विक्री हे स्वतंत्र, रोजचे काम आहे आणि ते करणारा माणूस त्या दिवशी शेतात नसतो.

म्हणून टिकलेल्या बहुतेक शेतांना दुसरी वाट असते : साठवलेली पुंजी, जोडीदाराची नोकरी, लेखन-अनुवाद, घरून होणारे काम, कृषी पर्यटन, किंवा निसर्गशेतीच्या कार्यशाळा. या शेवटच्यावर टीका होते. शेतीने पोट भरत नाही म्हणून शेती शिकवून पोट भरतात, असे चिमटे काढले जातात. मला ती टीका अर्धवट वाटते. शिकवणे हाही शेतीचाच जोडधंदा आहे. गैर आहे ते एवढेच, की वर्गात ताळेबंद दाखवताना कार्यशाळेचे शुल्क पिकाच्या उत्पन्नात मिसळले जाते. जपानमध्ये आयाबेच्या नाओकी शिओमी यांनी ‘अर्धी शेती, अर्धे आपले दुसरे काम’ ही कल्पना नव्वदच्या दशकात उघडपणे मांडली. आपल्याकडे हजारो घरे तेच करतात, पण कबूल करायला संकोचतात. पूर्णवेळ शेतीवरच जगलो तर खरे, नाहीतर हौस, ही अट गावातल्या शेतकऱ्याने स्वतःलाही घातलेली नाही.

गावाची आणि घरातली बाजू

गाव या लोकांकडे कसे पाहते, हे फार कमी लिहिले गेले आहे. तक्रारी ऐकायला मिळतात त्या तत्त्वाच्या नसतात. तारेचे कुंपण घातले आणि गुरांची पायवाट तुटली. बोअर घेतला आणि खालच्या विहिरीचे पाणी चैत्रातच आटले. मजुरीचा दर एकदम चढवला, त्यामुळे लावणीला बाकीच्यांना माणसे मिळेनात. अर्थात मजुराला विचारले तर तो याला तक्रार म्हणणार नाही. आणि न फवारलेल्या शेतातून कीड आमच्याकडे येते, ही सगळ्यात अवघड तक्रार. उलट शेजारच्या फवाऱ्याचा तुषार सेंद्रिय शेतावर येतो, ही नव्या माणसाची तक्रार. बांध एकच.

जमेची बाजूही आहे. देशी वाणांचे बियाणे, पडीक जमिनीवर परत आलेली झाडे, शाळेतल्या मुलांना मिळालेले पुस्तकांचे कपाट. पण यातली बहुतेक कामे आधी गावातल्याच कोणीतरी केलेली असतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बियाणे जपायला कुठल्या शहरातून आल्या नव्हत्या.

घरातल्या बाजूबद्दल एकच गोष्ट. या विषयावरचे बहुतेक लेखन ‘त्याने’ नोकरी सोडल्याचे असते. चुलीसाठी लाकूड, पाहुण्यांचा स्वयंपाक, दोन किलोमीटरवरची शाळा, रात्री ताप चढलेले मूल आणि तालुक्याला असलेला डॉक्टर यांचा भार ज्या बाईवर पडतो, तिचे नाव सातबाऱ्यावर असते का, हे कोणी विचारत नाही. प्रयोग मोडतो तो पुष्कळदा इथे, पिकात नव्हे.

जे अजून ठरलेले नाही

पहिली उणीव माहितीची. शहरातून येऊन शेती करणाऱ्यांची वेगळी नोंद कृषी गणना ठेवत नाही. किती आले, किती टिकले, किती जणांनी जमीन विकून परतीची वाट धरली, याचा आकडा कोणाकडे नाही. पुस्तक लिहितो तो टिकलेला. परत गेलेला गप्प बसतो आणि त्याच्यापाशीच खरी माहिती असते. त्यामुळे सध्याचा सगळा पुरावा एका बाजूला कललेला आहे, बाजूने बोलणाऱ्यांचाही आणि विरोधात बोलणाऱ्यांचाही.

दुसरा प्रश्न हवामानाचा. विविध पिके, झाडे, आच्छादन यांनी कोरड्या वर्षात ओल टिकते, हे मान्य करायला हरकत नाही. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत झोपवल्या. वीस वर्षांची झाडे म्हणजे वीस वर्षांची गुंतवणूक. बहुवार्षिक बागेची जोखीम कोण उचलणार, विम्याची आखणी मिश्र बागेला कशी लावणार, हे ठरलेले नाही. कोकणात माकडे, रानडुकरे आणि दर उन्हाळ्यातला वणवा यांचेही उत्तर कुठल्याच पंथाकडे नाही.

तिसरा प्रश्न पुढच्या पिढीचा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्यांची मुले आता मोठी झाली आहेत. काही शेतात आहेत, काही पुण्या-मुंबईत परत. गावातल्या शेतकऱ्याची मुलेही तेच करतात, तेव्हा याला अपयश म्हणावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या मापाचा प्रश्न आहे. पण आजच्या तुकडेबंदीत आणि तोंडी खंडाच्या व्यवहारात ती जमीन सुधारलेल्या मातीसकट दुसऱ्या कसणाऱ्याकडे जाण्याची सोय नाही, एवढे नक्की.

आज जो पुरावा हाती आहे, त्यावरून मातीपुरते बोलायचे तर पाच-सात वर्षांत जमीन सुधारते, याबद्दल फारशी शंका उरलेली नाही. दोन-चार एकरांवर, बाहेरच्या उत्पन्नाशिवाय, शहरी सवयींचे कुटुंब निव्वळ पिकावर चालते, हे मात्र अजून कोणी वहीनिशी दाखवलेले नाही. म्हणून दहा वर्षे काढलेल्या मंडळींना विनंती आहे, त्यांनी आपले जमाखर्च प्रसिद्ध करावेत. पिकाचे उत्पन्न एका रकान्यात, बाहेरून आलेला पैसा दुसऱ्या रकान्यात, आणि घरच्या माणसांचे बिनपगारी दिवस तिसऱ्या रकान्यात लिहावेत. जे परत गेले, त्यांनी तर अवश्य लिहावे. आणि ज्यांच्या मनात अजून विचारच चालू आहे, त्यांनी जमीन घेण्याआधी कोणाच्या तरी शेतात एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, राबून पाहावे. तेवढ्यासाठी सातबारा लागत नाही.